राशीची उंची

हेवा म्हणजे नेमकं काय, ते मला चाकणच्या बाजारात कळलं. आणि तेसुद्धा अशा एका म्हाताऱ्यामुळे, ज्याला स्वतःची सही करता येत नव्हती. तोवर माझी समजूत अशी की हेवा बायकांना एकमेकींच्या लुगड्यांचा वाटतो, आणि मला लुगड्यांची हौस नव्हती. मी गणिताची बाई होते. ट्रेनिंग कॉलेजात अंकगणितात माझा पहिला नंबर आला होता, आणि ही गोष्ट मी कुणी न विचारताही सांगत असे.

पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. स्कूल बोर्डानं मला पुण्याहून चाकणला मुलींच्या शाळेत नेमलं. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला मला आणि माझ्या आईला भाड्यानं जागा मिळाली होती. सातवीच्या वर्गात नऊ मुली होत्या. गावातल्या बहुतेक मुली चौथीनंतर घरी बसायच्या, त्यामुळे या उरलेल्या नऊ जणी मला माझ्या मालकीच्याच वाटायच्या. मी त्यांना 'माझ्या मुली' म्हणत असे. आई म्हणायची, अगं, त्यांना आया आहेत.

घनफळ हा माझा आवडता भाग. क्षेत्रफळापर्यंत मुली कशाबशा येतात, शेताचं माप घरात ऐकलेलं असतं म्हणून. पण लांबी, रुंदी आणि उंची असा तिहेरी गुणाकार आला की डोळे तारवटतात. पुस्तकात पेटीचं चित्र असतं, त्यात मागच्या कडा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, आणि त्या रेषा कशाच्या हेच मुलींना समजत नाही. म्हणून मी युक्ती काढली. चाकणला बटाट्याला तोटा नव्हता. मी आणि आईनं एका रविवारी बसून बटाट्याचे एकेक इंचाचे चौकोनी तुकडे कापले, अगदी पट्टी लावून. वर्गात पाटावर ते रचले. लांबीला सहा, रुंदीला चार, उंचीला तीन. मुलींनी एकेक उचलून मोजला आणि बहात्तर भरल्यावर पडवीत जो गलका झाला, तो ऐकायला पलीकडच्या वर्गातून मुख्याध्यापिका आल्या. मी त्या दिवशी घरी तरंगतच गेले. आईनं त्या बहात्तर घनांचा रस्सा केला.

पेटी झाली, दंडगोल झाला, मग शंकूची पाळी आली. शंकू म्हणजे माझ्या दृष्टीनं नाटकाचा शेवटचा अंक. मी चहाचा एक गोल डबा मिळवला. त्याच तळाचा आणि त्याच उंचीचा पुठ्ठ्याचा शंकू केला, वरून निळा घोटीव कागद चिकटवला. शंकू बाजरीनं भरून डब्यात ओतायचा, आणि किती वेळा ओतल्यावर डबा भरतो ते मुलींना ओळखायला सांगायचं. कुणी दोन म्हणणार, कुणी दीड म्हणणार, मग मी सावकाश ओतणार आणि तिसऱ्या वेळी डबा काठोकाठ भरणार. हा सगळा प्रवेश मी आदल्या दिवशी आईसमोर करून पाहिला होता. तिला तो आवडला होता, किंवा तिनं तसं म्हटलं होतं.

वर्गात मी शंकू उंच धरला आणि प्रश्न विचारला. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात दुसऱ्या ओळीत भिंतीकडेला बसणारी मुलगी, अंगानं काटकुळी, वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या, ती काहीच विशेष नसल्यासारखं म्हणाली, "तीन येळा, बाई. तीन येळा वतलं की भरतंय."

मी विचारलं, पुस्तकात वाचलंस का? तर नाही. आज्यानं दावलंय, म्हणाली.

माझा नाटकाचा पडदा असा मधेच कुणीतरी ओढला. मी बाजरी ओतली, तीनदा ओतली, डबा भरला, पण आता कुणाला त्याचं कौतुक उरलं नव्हतं. एकीनं तर डबा भरायच्या आतच वही मिटली. घरी आल्यावर मी तो निळा शंकू फडताळावर टाकला. आईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग तुझ्या पोटात का दुखतंय? माझी आई असं तोंडावर बोलायची.

तिचा आजा बाजारात मापाडी होता. आठवडेबाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी आणलेलं धान्य जमिनीवर ओतून त्याची रास करत, आणि व्यापाऱ्याला देण्याआधी मापाडी ते पायलीनं मोजून पोत्यात भरत असे. ही गोष्ट मला माहीत होती. पण मापाडी म्हणजे हमालासारखाच कुणीतरी, पायली भरतो नि ओततो, एवढीच माझी कल्पना. पुढच्या बाजाराला शाळा सुटल्यावर मी मुद्दाम तिकडून गेले. भाजी घ्यायची आहे असं स्वतःला सांगितलं होतं.

म्हातारा उंच होता, वाकलेला, तोंडात बहुधा चार दात. हरभऱ्याची रास होती. तिच्याभोवती तो अनवाणी फिरला, टाचेला अंगठा लावत, एकेक पाऊल मोजत. फेरी पूर्ण झाली. क्षणभर उभा राहिला, राशीकडे पाहिलं आणि आकडा सांगितला. मग मोजणी सुरू झाली. पहिली पायली ओतताना 'एक' न म्हणता तो 'लाभ' म्हणाला, कारण मापाडी एकाला लाभच म्हणतात; मग दोन, तीन, चार, असं एका विशिष्ट सुरात. शेवटची पायली पोत्यात गेली तेव्हा आकडा अर्ध्या पायलीनं चुकला होता. अर्ध्या. शेतकरी आणि व्यापारी दोघंही असे वागले की जणू यात नवल काहीच नाही.

आणि मला काय दिसलं असेल? माझ्या नऊपैकी सहा मुली, दप्तरं काखोटीला मारून, तिथं गोल करून उभ्या. पुढची रास आली तेव्हा म्हातारा पावलं मोजून थांबला आणि म्हणाला, सांगा गं. त्या ओरडत होत्या, आकडे फेकत होत्या, चुकत होत्या आणि हसत होत्या. माझ्या वर्गात त्या कधी अशा हसल्या नव्हत्या. शेवटी ती काटकुळी आकडा म्हणाली आणि म्हातारा म्हणाला, बराबर. त्यानं मला पाहिलं तेव्हा पायली खाली ठेवून नमस्कार केला. "या मास्तरीणबाई. आमी अडानी मान्सं, आमाला तुमच्यावानी पुस्तकातलं काय येत न्हाई," असं म्हणाला. तो खरंच तसं समजत होता, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, टोमणा मारला. मी भाजी न घेताच घरी आले.

त्यानंतर मला सगळीकडे तो म्हाताराच दिसू लागला. मधल्या सुट्टीत मुली पडवीच्या मागं धुळीचे ढीग करून 'मापाडी मापाडी' खेळायच्या. पायानं मोजायच्या, 'लाभ' म्हणायच्या, नारळाच्या करवंटीनं धूळ भरायच्या. माझे पुठ्ठ्याचे घन, पेट्या, दंडगोल आत फळ्याखाली शिस्तीत बसले होते आणि त्यांना कुणी हात लावत नव्हतं. रंगीत कागद लावलेले, हो. एका दिवशी पावसानं ओल्या झालेल्या रस्त्यावर मला म्हाताऱ्याच्या पायाचा ठसा दिसला. मी इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतून पट्टी काढली आणि तो मोजला. दहा इंच. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी मी त्या मुलीला थांबवून घेतलं आणि तो हिशेब करतो कसा, ते विचारलं. तिनं घडाघडा सांगितलं. घेर मोजायचा. घेराचा सहावा हिस्सा घ्यायचा, तो त्यानंच गुणायचा, मग उंचीनं गुणायचं. मी विचारलं, उंची कधी मोजतात? मी तर पाहिली नाही. ती म्हणाली, उंची मोजायची नसते, ती घेरातच असते. साळीची रास असली तर घेराच्या नवव्या हिश्श्याइतकी उंच बसते, ज्वारी-हरभऱ्याची दहाव्या, आणि तीळ-राळ्यासारखं बारीक असलं तर घसरतं म्हणून अकराव्या. एवढ्यावर न थांबता शेंडा नीट आहे की बसका झालाय ते डोळ्यानं बघायचं आणि तेवढं कमी धरायचं. मी ऐकत होते आणि माझ्या जिवाची लाही लाही होत होती. अंकगणितात पहिली आलेली मी, आणि धान्य आपली उंची स्वतः ठरवतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी वही घेऊन बसले. बावीस फूट घेर धरला, ज्वारी धरली. एकदा पुस्तकाच्या रीतीनं केलं, एकदा म्हाताऱ्याच्या. आणि सापडलं! म्हाताऱ्याचं उत्तर जास्त येत होतं. त्याची सगळी रीत परीघ व्यासाच्या तिप्पट धरून चालली होती. बावीस सप्तमांश त्याच्या गावीही नव्हते. जिथं खरं घनफळ एकवीस, तिथं तो बावीस काढत होता. दर वेळी, नेमका एकवीसला बावीस. मला इतका आनंद झाला की मी गाणं म्हणत भाकरी थापल्या. आईनं माझ्याकडे दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते उदाहरण फळ्यावर मांडलं. दोन्ही रीती शेजारीशेजारी. कुणाची रीत ते मी बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती. खाली जाड रेघ मारली, 'खरे एकवीस, हे बावीस' असं लिहिलं आणि म्हटलं, बघा, अंदाजपंचे केलं की असं होतं. मुली वहीत उतरवून घेऊ लागल्या. तेव्हा ती काटकुळी उभी राहिली. उद्धटपणा तिच्यात नावाला नव्हता. मी काहीतरी विसरले आहे आणि ते तिला आठवून द्यायचं आहे, असा तिचा चेहरा होता.

"पन बाई, त्यो बाविसावा आजा काढून टाकतो की. त्यो जमिनीचा."

मी विचारलं, जमिनीचा म्हणजे? ती म्हणाली, हिशेब झाला की बाविसातली एक पायली सोडायची. राशीच्या बुडाशी मातेरं असतं, माती मिसळलेलं धान्य, ते मापात घेत नाहीत. ते जमिनीचं. मग एकवीसच राहतात.

मी फळ्याकडे पाहिलं. एकवीस. बावीस सप्तमांश माहीत नसलेल्या त्या माणसाच्या, किंवा त्याच्या आज्या-पणज्याच्या, हाती ही नेमकी एवढीच सूट कशी लागली, ते मला आजही सांगता येत नाही. त्या वेळी तर तो प्रश्नही मला पडला नाही. मला फक्त एवढं दिसलं की बाकीच्या आठ मुली माझ्याकडे बघून हसू दाबताहेत. मी डस्टरनं सगळं पुसलं आणि म्हटलं, परीक्षकाला जमीन नसते. जे उदाहरणात दिलेलं नाही, ते मनानं धरायचं नाही. वहीत लिहून घ्या.

आता त्या मुलीबद्दल सांगायला हवं. तिचा बाप पिंपरीकडे नव्या कारखान्याच्या बांधकामावर होता, आठवड्यानं घरी यायचा. त्यानं तिचं लग्न धरलं होतं. मीच त्याच्या घरी तीन खेपा घातल्या, सातवीची परीक्षा देऊ द्या, चांगली पास झाली तर ट्रेनिंगला जाईल, तुमच्या घरात मास्तरीण होईल, असं त्याच्या गळी उतरवलं. तो कबूल झाला, पण एका अटीवर: पोरगी नुसती पास होऊन चालणार नाही, नंबरात आली पाहिजे. म्हणजे तिचं पुढचं सगळं त्या परीक्षेवर होतं, आणि परीक्षा माझ्या हातात होती. मी त्या मुलीसाठी जीव तोडला, हे खरंच आहे. पण ती नंबरात आली तर ती माझी ठरेल, त्याची नाही, हेही मी मनात धरलं होतं. तेव्हा यातलं कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, ते मला विचारू नका.

दिवाळीनंतर मी तिला बाजारात जायला बंदी केली. कारण सांगितलं अभ्यासाचं. ती म्हणाली, बरं. इतकी साधी मुलगी, तिनं का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. बाजाराच्या दिवशी मी तिला शाळा सुटल्यावर माझ्या घरी बसवून घेऊ लागले. आई तिला शेंगदाण्याचा लाडू द्यायची आणि मी उदाहरणं. दिलेली माहिती, काय काढायचं, सूत्र, किमती घालून, उत्तर, घनफूट. एकाखाली एक. तिचं उत्तर नेहमी आधी यायचं. मी उदाहरण वाचून संपवायच्या आत ती आकडा बोलून जायची, बहुतेक वेळा बरोबर. रीतीआधी उत्तर आलं की मी शून्य द्यायची. पहिल्या आठवड्यात तिला सगळी शून्यंच मिळाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी म्हटलं, हे तुझ्याच भल्याचं आहे. भल्याचं होतंही.

पौषात कधीतरी म्हातारा शाळेत आला. पडवीच्या खाली, उन्हात, डोक्यावरचं मुंडासं काढून उभा राहिला. मी बाहेर गेले. आत या म्हटलं नाही. त्यानं माझी, शाळेची, पोरीच्या अक्षराची स्तुती केली आणि मग मुद्द्यावर आला. डोळ्यांपुढं धुकं येतं म्हणाला, मोतीबिंदू पिकत चाललाय, पुण्याला जाऊन कापून घ्यायची भीती वाटते. घेर पायानं कळतो, पण शेंडा दिसत नाही. पोरगी शेजारी असली की ती बघून सांगायची. मोठ्या बाजाराच्या दिवशी तेवढी घटकाभर सोडाल का?

मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर.

"व्हय," तो म्हणाला, "परीक्षा मोठी हाय." आणि गेला. पायरी उतरताना त्यानं आधी पायानं चाचपून पाहिलं. ते मी पाहिलं, आणि वर्गात जाऊन त्या मुलीला शंकूची आणखी चार उदाहरणं घातली. तिला आजा आला होता हे मी सांगितलंच नाही.

फाल्गुन येईतो तिचं आधी बोलणं थांबलं. केव्हा थांबलं ते नेमकं सांगता येत नाही. एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी उदाहरण वाचलं आणि ती गप्प बसून राहिली, पेन्सिल टेकवून, सूत्र आठवत. मग तिनं सगळ्या पायऱ्या लिहिल्या, उत्तर काढलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि वही माझ्यापुढं सरकवली. बरोबर आहे का, असं माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिली. मी दहापैकी दहा दिले. इतकं सुख मला फार कमी वेळा झालं आहे.

परीक्षेचं केंद्र खेडला होतं. मी नऊ जणींना एस.टी.नं घेऊन गेले. गणिताच्या पेपरात तंबूचं उदाहरण आलं, घेर दिलेला, उंची दिलेली. ती बाहेर आली आणि तिनं मला उत्तर सांगितलं, ते बरोबर होतं. उन्हाळ्यात निकाल लागला. ती केंद्रात पहिली आली. बापानं पिंपरीहून पेढे आणले, माझ्या आईच्या पाया पडला आणि पोरीला ट्रेनिंगला पाठवतो म्हणाला. मुख्याध्यापिकांनी माझं नाव घेऊन सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी नम्रपणे उभी होते, आणि आतून मला फक्त बाजारात जायची घाई झाली होती.

त्याच आठवड्याच्या बाजाराला मी तिला घेऊन निघाले. म्हाताऱ्याला आनंदाची बातमी द्यायला, असं मी तिला सांगितलं. बातमी त्याला केव्हाच कळली होती, ती तर त्याच्याच घरात राहत होती. मला त्याच्यापुढं तिच्याबरोबर उभं राहायचं होतं, एवढंच खरं.

ज्वारीची मोठी रास होती. म्हाताऱ्यानं तिचा आवाज ऐकला आणि हात पुढं केला, तिनं तो धरला. त्याच्या डोळ्यांत आता सायीसारखं पांढरं दिसत होतं. शेतकरी परगावचा होता, घाईत होता. म्हणाला, किती व्हईल, आबा? म्हाताऱ्यानं राशीवर एक हात टेकवून फेरी मारली. सव्वीस पावलं. मग नातीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, सांग.

मी राशीकडे पाहिलं. शेंडा बसका होता. पोतं ओतल्यावर त्यावर कुणीतरी रिकामी पोती टाकून उचलली असावीत, वरचा भाग दाबला जाऊन चांगला दोन-सव्वादोन हात रुंद सपाट झाला होता. आंधळ्यालाच तेवढा दिसला नसता. ती मुलगीसुद्धा शेंड्याकडेच बघत होती. पण ती बोलेना. तिनं वाकून धुळीत बोटानं घेर लिहिला, त्याखाली 'उंची' हा शब्द लिहिला, बरोबरचं चिन्ह काढलं, आणि तिचं बोट तिथंच थांबलं. म्हातारा वाट बघत होता. शेतकरी म्हणाला, चला, उरका. मी तोंड उघडून 'शेंडा बसका आहे' एवढे तीन शब्द बोलायला हवे होते. मी बोलले नाही. म्हाताऱ्याला उत्तर माझ्याकडून मिळावं असं मला वाटेना, आणि तिच्याकडून मिळावं असंही वाटेना.

शेवटी म्हाताऱ्यानंच आकडा सांगितला. एकशे दहा पायल्या. मोजणी सुरू झाली. शंभराच्या अलीकडेच जमीन दिसू लागली. त्यानं हातानं चाचपून सगळं गोळा केलं, तरी बारा पायल्या कमी भरल्या. व्यापाऱ्यानं शेतकऱ्याकडे पाहिलं. आसपासचे हमालही काम थांबवून बघू लागले.

म्हाताऱ्यानं पायली उपडी घातली. नातीकडे वळून हळूच विचारलं, "शेंडा बसका व्हता का गं?"

"व्हय," ती म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडवेली झाली नव्हती, घाबरलीही नव्हती. धडा नीट पाठ केलेल्या मुलीनं सांगावं तसं तिनं सांगितलं. "उंची दिल्याली नव्हती, आजा. दिल्यालं नसलं की मनानं धरायचं न्हाई."

म्हाताऱ्यानं मान हलवली, समजल्यासारखी. "केंद्रात पयली आली न्हवं," तो म्हणाला. "बाई हायत न्हवं हितं? तुमचं लई उपकार झालं, बाई." आणि त्यानं दोन्ही हात जोडले. मी त्याच्या डाव्या अंगाला, चार हातांवर उभी होते. त्यानं हात जोडले ते समोर रचलेल्या पोत्यांच्या थप्पीला. मी इथं आहे, असं मी म्हटलं नाही.